काचेच्या गोळ्यातलं पाणी

नाटे
रविवार, ३ ऑगस्ट २०२५, सकाळी सव्वासहा

वहिनी, नमस्कार.

आत्ता पडवीत बसलो आहे. पुढ्यात सोड्याच्या पाण्याची बालदी आहे आणि तीत काचेचे जुने गोळे भिजत घातले आहेत. हात पुसून मगच कागद घेतला, तरी कोपऱ्यात डाग पडलाच. तेवढा चालवून घ्या. फोन करायचा नाही असं तुम्ही सांगितलंत. पत्राबद्दल काही म्हणाला नव्हतात, म्हणून लिहितो आहे.

यंदा गणपतीला आरास करायची असं आईनं ठरवलं आहे. गेल्या वर्षी काय झालं ते तुम्हीच पाहिलंत. मूर्ती पाटावर ठेवली, समई लावली, संपलं. दर्शनाला आलेली माणसं चपला काढायच्या आधी एकमेकांकडे बघत होती. सुतक म्हणावं तर समुद्रावर गेलेल्या दादाचं काहीच मिळालेलं नाही. सण म्हणावा तर दादा नाही. प्रसाद हातावर घ्यायचा की नाही तेसुद्धा लोकांना कळत नव्हतं.

परवा आई आपणहून म्हणाली, "घर काळोखात ठेवलं की लोकं त्याला मेलाच समजतात. यंदा उजेड कर. काय हवं तां आण, पण उजेड कर."

बर्फाच्या कारखान्याचा एक पंप दुरुस्तीला घेऊन मी रत्नागिरीला गेलो होतो. मिरकरवाड्याच्या बाजूला अस्लमचाचांचं जुन्या सामानाचं दुकान आहे. बोटी मोडल्या की त्यांचं लाकूड, पितळ, दोर सगळं तिथं येऊन पडतं. मी आत शिरलो आणि मला आरास दिसायलाच लागली. मूर्तीच्या डोक्यावरच्या लाकडी माटवीला आपण दरवर्षी नारळ, कवंडळं, सुपारीचे घोस बांधतो. त्यांच्या मधे मधे जाळ्याचे हे हिरवट गोळे सोडायचे. पूर्वी प्लॅस्टिकचे फ्लोट नव्हते तेव्हा जाळं तरंगायला हेच बांधायचे. मागे एक बल्ब ठेवला की सगळी भिंत पाण्याखाली गेल्यासारखी दिसेल. मूर्तीच्या एका बाजूला बोटीवरचा तांब्याचा कंदील, लाल काचेचा. दुसऱ्या बाजूला लाकडी कप्प्या, एकीवर एक.

चाचा हसायला लागले. "गणपतीला हे नेतोस? लोक चायना लायटिंग नेतात रे बाबू."

"त्या माळा डोळ्यांत जातात, चाचा."

"मग घे. कंदील घासून घे मात्र, कुणी हात लावलेला नाही कधीचा." मग गोळे मोजताना एक त्यांनी बाजूला काढला. "हा नको. ह्यात पाणी आहे."

खरंच होतं. गोळ्याला तडा नाही, भोक नाही, आणि आत ओंजळभर पाणी. मी सगळीकडून नख फिरवून बघितलं.

"शोधू नकोस, सापडायचं नाही," चाचा म्हणाले. "हा फार खोल गेलेला असणार. खालचा दाब काचेतून पाणी आत घुसवतो. वर आला की ते बाहेर पडत नाही. अडकलं ते अडकलं."

मी तो मागून घेतला. पैसे त्यांनी लावले नाहीत. का मागितला ते मला सांगता येणार नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या भावाचा, सुजयदादांचा फोन आला होता. तुमच्यासाठी स्थळ आलं आहे, मुलगा लोट्याला तुमच्याच कंपनीत आहे, सगळं माहीत असून तयार आहे, असं ते म्हणाले. त्या लोकांना आमच्या घरून एक स्पष्ट शब्द हवा आहे की रूपेश गेला आणि नम्रता मोकळी. गौरी-गणपती होईपर्यंत ते थांबणार आहेत. आई तो शब्द देत नाही. ती म्हणते, गौरीला नमू येईल, सूप भरेल, गौरीपुढे ओवाळून ओवसा करेल, मग कसलं स्थळ नि काय.

मीही तेच म्हणतो, वहिनी. या. एक दिवसासाठी या. पुढचं पुढे बघू.

आई बरी आहे.

निहार


नाटे
बुधवार, २० ऑगस्ट, दुपारचे दोन

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. चार ओळी होत्या, चारही पाठ झाल्या आहेत.

तुम्ही लिहिलंत, "भाऊजी, ओवसा नवरा असलेल्या बाईनं करायचा असतो. गेल्या वर्षी तुमच्या आईसाठी मी सूप हातात घेतलं. जमलेल्या पाचही सवाष्णी माझ्याकडे न बघता माझ्या सुपाकडे बघत होत्या. पुन्हा घेणार नाही."

मी तेव्हा पडवीत नारळ सोलत होतो. मला वाटलं होतं तुमचे हात उपासानं कापत आहेत.

मागच्या पत्रात आई बरी आहे असं लिहिलं. ती जेवते, बाजारात जाते, मासळीचा भाव करते. परवा एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "बांगडा बघतोस की मुलगी बघतोस? घे नायतर ठेव." तेवढा वेळ ती पहिल्यासारखीच असते. पण घरी आली की त्या गोळ्यापाशी जाते.

आरास अर्धी उभी राहिली आहे. भिंतीला आईचंच जुनं निळं लुगडं ताणून लावलं. कंदील चिंच आणि रांगोळीनं घासला, आता त्यात तोंड दिसतं. कप्प्यांना खोबरेल लावलं. गोळे सुतळीच्या जाळीत बसवून माटवीला टांगले. पाण्याचा गोळा मी कडेला, कुणाला दिसणार नाही असा बांधला होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर आईनं तो मधे आणून बांधलेला. तिची गाठ मी ओळखतो, जाळ्याची गाठ आहे.

"आत पाणी कुठलं रे?" तिनं विचारलं.

चाचांनी सांगितलं होतं ते मी सांगितलं. खोलवरचं, खालचं, बाहेर न पडणारं. सांगायला नको होतं हे बोलून झाल्यावर समजलं.

त्या दिवसापासून तिनं पाण्याच्या पातळीवर बाहेरून कुंकवाची रेघ ओढली आहे. भरतीच्या वेळेला येऊन बघते. म्हणते, समुद्र चढला की हे पण चढतं. सोमवारी दुपारी तिनं मला हाक मारली. पाणी खरंच रेघेच्या वर होतं, बोटाच्या पेरभर. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. सकाळी बल्बची वायर ओढताना मी तो गोळा उतरवून परत बांधला होता. जाळी फिरली असेल, गोळा कलता बसला असेल. हे मी तिला सांगितलं नाही. तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता की जमलं नाही.

आता ती पाण्याशी बोलते. मोठ्यानं नाही. भाताचं ताट वाढलं की विचारते, "पेज हवी की भात?" आणि थांबते. मग स्वतःच भात वाढून घेते.

काल ती बाजारात गेल्यावर मी गोळा उतरवला आणि कानाला लावला. हेही सांगणार नव्हतो. हात हलला की आतलं पाणी हलतं, त्याचा आवाज येणारच. पण दादा सकाळी विहिरीवर गुळण्या करायचा तसा आवाज होता. मी हात अगदी स्थिर धरला. टेबलावर कोपर टेकवून धरला. आवाज थोडा वेळ येत राहिला.

वहिनी, मला एकट्याला हे झेपत नाही. मला माहीत आहे मी काय मागतो आहे. तुम्ही आलात, सूप ओवाळलंत, तर निदान घरात एक जिवंत माणूस वाढेल. सुट्टी नसेल तर संध्याकाळच्या गाडीनं परत जा. राजापूरला मी न्यायला येतो.

निहार


नाटे
गुरुवार, २८ ऑगस्ट, सकाळी साडेदहा

वहिनी,

काल गणपती बसला. आरास चांगली झाली. हे मी म्हणत नाही, लोक म्हणाले. वाडीतली मुलं तर हलायला तयार नव्हती. बल्ब लावला की गोळ्यांचा हिरवा उजेड निळ्या लुगड्यावर पडतो, पंख्याच्या वाऱ्यानं गोळे हलतात आणि मूर्ती समुद्राच्या तळाशी बसल्यासारखी वाटते. भागोजीशेटसुद्धा आले होते. ज्यांच्या बोटीवर दादा शेवटचा गेला, ते. उंबऱ्यातूनच नमस्कार केला, आणि लाल कंदील बघून मागे सरकले. "हे कशाला लावलंस?" एवढंच म्हणाले. मोदक घेतला नाही.

मला राग आला होता. दुपारी आवडाकाकी आली तेव्हा कारण समजलं.

आवडाकाकी म्हणजे वरच्या आळीतली, काठी टेकत येते ती. तुम्ही तिला फार बघितलेलं नाही, ती कुणाकडे जात नाही. काल नातवाला घेऊन आली. मूर्तीला हात जोडले, आणि मग सरळ कंदिलाकडे गेली. खालच्या कडेला एक पोचा आहे, घासताना मलाही लागला होता. तिनं न बघता त्यावर अंगठा ठेवला.

"हो आमचो दिवो," ती म्हणाली.

मी म्हणालो, "काकी, हा रत्नागिरीहून आणलाय. जुन्या सामानातून."

"तर! रत्नागिरीलाच विकलेलो. इथं कोण घेतंय?" मग माझ्याकडे बघून हसली. "बरो घासलंस हां. माझा घोव असताना एवढो कधी चकचकलो नव्हतो."

तिचा नवरा बोटीसकट गेला त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तो कंदील त्या दिवशी दुरुस्तीला घरी आणला होता म्हणून राहिला. गेलेल्या माणसाच्या बोटीचं सामान गावात ठेवायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. बाहेर विकून टाकायचं. भागोजीशेटना ठाऊक होती, मला कुणी सांगितली नव्हती. मी पैसे देऊन ते परत गावात आणलं. तेही नेमकं आपल्या घरात, नेमकं यंदा.

मला वाटलं आई आता कंदील बाहेर फेकेल. पण ती आवडाकाकीच्या शेजारी खाली बसली.

"काकी, तुमचो मिळालो होतो?"

"नाय गो."

"मग?"

"मग काय? लोकांनी सांगितलां, दुबईच्या बोटीनं उचलला असेल, येईल. मी पण म्हटलां येईल. दिव्यात तेल घालायची. गौरीला सूप भरायची. बारा वरसं भरलां."

"बारा वरसांनी काय झालां?"

आवडाकाकीनं जरा विचार केला. "काय नाय. हात दुखाक लागले."

नातू खिदळला. तिनं त्याच्या पाठीत एक हलकी चापट दिली. मग आईला म्हणाली, अगदी हळू, पण मी जवळ होतो, "मी माझां सूप मीच भरायची गो. दुसऱ्याच्या पोरीच्या हातात नाय दिलां."

आई उठून आत गेली. आवडाकाकी कंदील परत घेईल का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "खुळो आहेस? एकदा विकला ना मी." जाताना मात्र उंबऱ्यावरून एकदा वळून बघितलं.

मी तुम्हाला गौरीला या असं दोनदा लिहिलं. आता तसं लिहीत नाही. येऊ नका असंही लिहिता येत नाही, कारण आईनं अजून तोंड उघडलेलं नाही. तुमचं सूप तिनं धुऊन उन्हात ठेवलं आहे.

निहार


नाटे
मंगळवार, २ सप्टेंबर, दुपारचे बारा

वहिनी,

विसर्जनाला अजून वेळ आहे. तेवढ्यात लिहून टाकतो, नाहीतर मला वाटेल की झालंच नाही.

काल गौरीची पूजा होती. तेरड्याची गौर सजली, वाडीतल्या पाच बायका आपापली सुपं घेऊन आल्या. तुमचं सूप भरून कोनाड्यात ठेवलेलं होतं. पानं, खोबरं, करंज्या, दोरा गुंडाळलेला, सगळं. आई दारात उभी. राजापूरची गाडी वळणावर आली की आवाज येतो, तुम्हाला माहीत आहे. एक गाडी आली, गेली. बायका खोळंबल्या. शेवटी त्यांतली एक म्हणाली, "काकी, आटपायचां ना? नमू काय येत नाय आता."

आई म्हणाली, "घ्या आटपून."

त्यांनी सुपं ओवाळली. त्या गेल्यावर आईनं कोनाड्यातलं सूप उचललं. मला वाटलं ती स्वतः ओवाळणार, आणि मी डोळे मिटून घेतले, कारण बाबा जाऊन सहा वर्षं झाली. काहीच ऐकू येईना म्हणून उघडले. आईनं करंज्या मुलांना वाटल्या होत्या. खोबरं डब्यात टाकलं होतं. दोरा उलगडून बोटाला गुंडाळत होती.

मग तिनं स्टूल ओढलं आणि माटवीचा तो गोळा सोडला. भरतीची वेळ होती. मी म्हणालो, "आई, पडेल." ती खाली उतरली. गोळा पदरात घेऊन पायरीवर गेली. त्या जांभ्याच्या पायरीवर आपण नारळ फोडतो. दोन्ही हातांत धरून तिनं तो तसाच, एका घावात फोडला.

खूप मोठा आवाज होईल असं मला वाटलं होतं. तांब्या आपटल्याएवढाच झाला. काच जाड होती, दोन वाट्या झाल्या. एका वाटीत पाणी राहिलं. आईनं त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मी थांबलो. वहिनी, मला खरंच वाटत होतं की ती काहीतरी सांगेल. दादाबद्दल काहीतरी.

"खारां हाय," ती म्हणाली. पुन्हा एकदा बोट लावलं. "नुसतां खारां. दुसरां काय नाय."

आणि मग ती रडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. दादाची बातमी आली त्या दिवशी तुम्ही रडलात, मी रडलो, ती बोटीवरून परत आलेल्या खलाशांना चहा करून देत होती. काल ती पायरीवर बसून, पाय पसरून, लहान मूल रडतं तशी रडली. वाडी गोळा झाली. कुणीही "काय झालं" असं विचारलं नाही.

आवडाकाकी आली. तिनं आईच्या पुढ्यातल्या काचा काठीनं बाजूला केल्या आणि म्हणाली, "रड. मग पाणी तापव. आंघोळ कर."

बातमी कळल्यावर करायची ती आंघोळ. आईनं केली. मीही केली. त्यानंतर आई माझ्यासमोर येऊन बसली, केस ओले, आणि म्हणाली, "लिही नमूला."

"काय लिहू?"

"लिही, रूपेश गेला."

मी लिहितो आहे. रूपेश गेला.

"लिही, तू मोकळी. सुजयला मी फोन करते, पण तुला आधी कळायला हवां म्हणून लिही." मग म्हणाली, "लिही, गेल्या वरसी तुझ्या हातात सूप दिलां तां मला कळत होतां. तुझे हात कापत होते तां दिसत होतां मला." हे लिहू की नको असं मी विचारलं. ती म्हणाली, "लिही म्हटलां ना. शाळेत नाय गेलास काय?"

आता विसर्जनाला निघायचं आहे. आईनं सुतक धरलं आहे, म्हणून मूर्ती शेजारचा विनीत उचलणार आहे. आरास तशीच आहे, मधली जागा तेवढी रिकामी.

निहार


नाटे
सोमवार, २२ सप्टेंबर, सकाळी आठ

वहिनी, नमस्कार.

भटजींनी सांगितलं तसं दादाचं सगळं खाडीवर केलं. माणूस नाही म्हणून दर्भाचा करतात. मी त्याला दादाचा निळा शर्ट घालायला नेला होता. भटजी म्हणाले, शर्ट लागत नाही, तरी मी घातला. हाताएवढाच होता तो, सगळा शर्टात हरवून गेला. माझं डोकं भादरलं आहे, आरशात बघितलं की दचकतो. मी दादासारखा दिसतो असं लोक म्हणायचे, ते मला आता पटलं. काल सर्वपित्रीला पान वाढलं. कावळा लगेच आला. आई म्हणाली, "बघ, भूक लागली होती."

सुजयदादांचा निरोप मिळाला. दिवाळीनंतर साखरपुडा ठरला, चिपळूणलाच. आईनं लगेच विचारलं, मुलाची आई कशी आहे. मला काय माहीत? चांगली आहे, असं मी सांगून टाकलं. ती खरोखरच चांगली असू दे.

आरास काढली. लुगडं धुऊन घडी घातलं. कंदील परत द्यायला रत्नागिरीला गेलो होतो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो आतल्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा ठेवला. पैसे परत देत होते, मी घेतले नाहीत. रीत मला ठाऊक नव्हती, यात त्यांचं काय?

घरात आता तो गोळा नाही. तरी दुपारी, पाणी चढायच्या वेळेला, आई हातातलं काम थांबवून मान जराशी कलती करते. मी बघतो आहे हे तिला कळत नाही. मग मीही ऐकतो. काही येत नाही. पण आम्ही दोघंही लगेच कामाला लागत नाही.

हे तुम्हाला शेवटचं पत्र. तुमच्या नव्या घरी माझी पत्रं येणं बरं दिसणार नाही. म्हणून हिशेब लिहून देतो, तुमचा संबंध येतो तेवढ्यासाठी.

आरास: काचेचे गोळे सहा, ७२० रुपये. सातव्याचे पैसे नाहीत. कंदील ९००. कप्प्या ३००. बल्ब, वायर, सुतळी ३८०. एकूण २,३००. यातले ५०० चाचांना द्यायचे राहिले आहेत, पगार झाला की देईन.

तुमचं देणं: दादानं जाळ्यासाठी तुमच्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या होत्या, त्या सोडवायला व्याजासकट ३८,०००. आईचे आणि माझे मिळून ११,००० भरले. बाकी २७,०००. लग्नाच्या आधी बांगड्या तुमच्या हातात असतील, याची काळजी करू नका.

गणपतीचा खर्च आम्ही दोघं भाऊ दरवर्षी निम्मा निम्मा घालायचो. गेल्या वर्षीही मी निम्मा दादाच्या नावावर लिहून ठेवला होता, आला की घेऊ म्हणून. तो खोडला. यंदाचे २,३०० सगळे माझ्या नावावर.

निहार